म्युझियममधल्या जाळ्याचं भोक

आफ्रिकेत मी राहिले आणि एकही सिंह पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण भाईंदरजवळच्या आमच्या चौक गावातल्या आणि शेजारच्या तारोडीच्या बायका अजून तेवढंच विचारतात. सिंह नाही, हत्ती नाही, माकडं होती पण ती आपल्याकडेही आहेत. "मग पाहिलंस तरी काय गो तिकडं?" असं विचारतात, आणि मी "म्युझियम" म्हटलं की विषय बदलतात.

पण खरंच मी म्युझियमच पाहिली. दर रविवारी. चर्चमधली मिस्सा संपली की नवरा मला घेऊन निघायचा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत काचेच्या कपाटांसमोर उभं करायचा.

हे खूळ त्याला कसं लागलं ते सांगते. मुंबईतल्या एका कापडाच्या पेढीची पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरात शाखा होती. तिथल्या गोदामात कारकून म्हणून तो दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी गेला. तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. दोन वर्षांत परत येतो म्हणाला, तेवढ्यात लढाई लागली आणि तो तिकडेच अडकला. मी चौकात बापाची जाळी सांधत बसले. माझ्या बापाला मुलगे नव्हते, आम्ही चार मुली. त्यामुळे जे काम दुसरीकडे पुरुष करतात ते आमच्याकडे आम्ही केलं. नवरा तिकडे एकटा, रविवारी करायला काही नाही, दारूचं व्यसन नाही, पत्त्यांचं नाही. फुकटात आत सोडणारी जागा म्हणजे म्युझियम. असा तो त्यात शिरला.

लढाई संपल्यावर बोटी सुरू झाल्या तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. त्या बंदरात मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर समुद्रात उभी राहायची आणि माणसं लाटांवरून होड्यांनी किनाऱ्यावर आणायची. नवरा मला उतरवून घ्यायला हौसेनं अशाच एका होडीतून आला. इतक्या वर्षांनी नवरा दिसला तो होडीच्या काठावर ओणवा होऊन ओकताना. मी वरून हाक मारली तर त्याने मान वर न करता फक्त हात हलवला.

कोळ्याचा मुलगा, पण बोट हलली की त्याचं पोट हलतं. लहानपणापासूनचं आहे. म्हणून तर तो शिकला, अक्षर घोटलं आणि कारकून झाला. अक्षर मात्र असं की छापल्यासारखं.

तर म्युझियम. शहरात पाहण्यासारख्या जागा तीन. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चित्रांचा हॉल, समुद्राकाठी जुना किल्ला, आणि कॉलेजच्या आवारात दोन खोल्यांचं इतिहासाचं म्युझियम.

चित्रांच्या हॉलमध्ये नवरा साहेबलोकांसारखे हात मागे बांधून प्रत्येक चित्रासमोर उभा राहायचा. एक पाऊल मागे, मान तिरकी, मग पुढचं चित्र. मी त्याच्या मागून. एकदा तिथल्या एका मास्तरांनी काढलेलं मासळीबाजाराचं चित्र लागलं होतं. नवरा खूप वेळ हलेना.

"काय वाटतं गो तुला?" त्याने हळूच विचारलं.

"मासा चार दिवसांचा हाय."

"चित्राबद्दल विचारतोय मी."

"मी पण चित्राबद्दलच सांगते. डोळा बघा कसा आत गेलाय. आणि ही बाय पाटी अशी एका हाताने धरून चाललीय, ती दहा पावलांवर पडनार."

शेजारी एक मडम उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, तरी नवऱ्याने तिची माफी मागितली.

किल्ल्यात तोफा होत्या आणि जुने नकाशे. तळघराकडे जाणाऱ्या खोलीत एका फळीवर लोखंडी बेड्या मांडल्या होत्या, माणसं जहाजांत कोंबून नेत त्या काळच्या. त्यात लहान मापाच्याही होत्या. तिथे नवऱ्याने मान तिरकी केली नाही. त्या खोलीत आम्ही एकदाच गेलो.

कॉलेजमधलं म्युझियम मला त्यातल्या त्यात बरं वाटायचं, कारण तिथल्या निम्म्या वस्तू माझ्या ओळखीच्या होत्या. उखळ, मुसळ, सुपं, मासे पकडायची बांबूची टोपली, सुंभ वळायची लाकडी चकती. एका कपाटात वाळवंटातून उंटावर लादून आणलेली मिठाची लादी होती, खाली इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, वर काच, काचेला कुलूप. मी नवऱ्याला म्हटलं, भाईंदरला मिठाचे ढीग उघड्यावर पडलेले असतात, त्यांना कोणी कुलूप लावत नाही. तो म्हणाला, हे ऐतिहासिक मीठ आहे. मी विचारलं, खारट हाय ना? त्यावर त्याने मला पुढच्या खोलीत नेलं.

लाकडी मुखवटे होते, मोठमोठे, गवताच्या दाढ्या लावलेले. आमच्या फादरांनी ते पाहिले असते तर पवित्र पाणी शिंपडलं असतं. मला त्यांची भीती वाटली नाही, पण लाकडाला बारीक भोकं पडून खाली पिठासारखा भुसा सांडला होता. मी तिथल्या राखणदाराला लांबूनच बोटाने दाखवलं आणि तेल चोळायची खूण केली. राखणदार पन्नाशीचा, उंच, खाकी कोट घालणारा माणूस. त्याने मान डोलावली, आपल्या छातीवर हात ठेवला, मग आतल्या ऑफिसकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे वर केले. मी तर म्हणतो, पण ते ऐकत नाहीत. हे मला भाषांतर न करता कळलं.

ऑफिसात साहेब बसायचा. कॉलेजात शिकवायचा आणि म्युझियमही बघायचा. माणूस वाईट नव्हता. गोरा, बारीक, सतत काहीतरी शोधणारा. चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधायचा.

आता मुद्द्याचं. आम्हाला तिथे एकत्र राहून दोन वर्षं होत आली आणि पेढीच्या शेठनी शाखा बंद करायची ठरवली. तीन महिन्यांची मुदत दिली आणि परतीचं तिकीट. इकडून थोरल्या दिराचं पत्र आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं: बोटीवर माणूस हवा आहे, दुसरीकडे नोकऱ्या नाहीत, तू सरळ घरी ये आणि माझ्याबरोबर समुद्रावर चल. पत्र वाचतानाच नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं. मला काळजी वाटली ती अशी की दीर माणूस हट्टी. तो याला खरोखर रोज पहाटे बोटीत घालेल, आणि हा बोटीत काही कामाचा नाही. आठ दिवसांत एकतर हा मरेल नाहीतर दीर याला मारेल.

त्याच सुमाराला कळलं की म्युझियममध्ये वस्तूंची वही ठेवायला कारकून हवा आहे. नवऱ्याने अर्ज केला. साहेबाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "बघू," म्हणाला. मग नवरा दर रविवारी साहेबाला दिसेल अशा बेताने म्युझियममध्ये फिरू लागला. एकदा नवा कोट घालून, एकदा हातात वही घेऊन. मुदतीतले दोन महिने असेच गेले.

एका रविवारी साहेबाने त्याला आत बोलावलं. "बस जरा बाहेर," नवरा मला म्हणाला, "आणि कशाला हात लावू नको."

मी आतापर्यंत कशालाच हात लावला नव्हता, तेव्हा हे सांगायची गरज नव्हती. मी दुसऱ्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर एक जाळं टांगलं होतं, आधी पाहिलेलं नव्हतं. नुकतंच पेटीतून बाहेर काढलं होतं. काच नव्हती. चांगल्या वळलेल्या दोरीचं, बारीक गाठींचं, हातात कसब असलेल्या माणसाने विणलेलं जाळं. आणि मधोमध शेळी जाईल एवढं भोक.

आमच्या गावात फाटकं जाळं काठीवर टांगलेलं असलं आणि तुम्ही जवळून जात असलात, तर ते कोणाचं आहे हे विचारायची पद्धत नाही. हातात वेळ असेल तर बसायचं आणि जाळीची चार घरं सांधून उठायचं. मालक येतो, बघतो, पुढचं तो करतो. तुमच्या जाळ्याला उद्या दुसरा कोणी बसतो. बाजाराच्या जाळीदार पिशव्या विणून मी तिथल्या बायकांना विकत असे, त्यामुळे बांबूची सुई, दोरी आणि कात्री माझ्या थैलीत असायचीच. भोकाखाली एक चिठ्ठी लावलेली होती. ती कोणाकडून वाचून घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. भोक दिसल्यावर वाचत कोण बसतं?

आधी कडा कापून साफ केल्या. ते करावंच लागतं, कुजक्या दोरीला नवी गाठ धरत नाही. कापलेले तुकडे थैलीत टाकले, कचरा नको म्हणून. आणि बसले.

राखणदार आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, जाळ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग गेला आणि एक स्टूल घेऊन आला. मी स्टुलावर बसल्यावर त्याने जाळ्याचं खालचं टोक ताणून धरलं. दोघांनी मिळून केलं म्हणून तासाभरात झालं. शेवटच्या गाठीला त्याने आपलं बोट घालून बघितलं आणि "गुड," म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं.

तेवढ्यात साहेब आणि नवरा बोलत बोलत बाहेर आले. नवऱ्याचा चेहरा फुललेला होता, म्हणजे आत काहीतरी चांगलं झालं होतं. साहेब त्याला जाळं दाखवायलाच आणत होता. हात पुढे करून साहेब म्हणाला, "आणि हे आमचं..." आणि थांबला.

साहेबाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. जाळ्याजवळ गेला. मागे आला. मग चिठ्ठीकडे बोट करून नवऱ्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाला, फार हळू आवाजात.

नवरा माझ्याकडे वळला. "तू हे काय केलंस?"

"सांधलं. दिसत न्हाय?"

"अगो, भोकच दाखवायचं होतं! चिठ्ठीवर लिवलंय, करवत माशानं फाडलेलं जाळं. इथल्या राजाच्या कोळ्यांच्या हातून निसटलेला मासा. ते भोक म्हणजे इतिहास हाय!"

मी चिठ्ठी पाहिली. बाजूला खिळ्यावर करवतीसारखं दातेरी, लांब हाड टांगलेलं होतं, ते मी आतापर्यंत पाहिलंच नव्हतं. मी पुन्हा जाळं पाहिलं. आता लाज वाटायला हवी होती, पण मला दुसरंच काही खटकायला लागलं.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "हे भोक माशाचं न्हाय."

नवऱ्याने साहेबाला सांगितलं. त्यात "सॉरी" हा शब्द दोनदा आला. सॉरी एवढं इंग्रजी मला कळत होतं, आणि मी ते म्हटलं नव्हतं.

"तुम्ही बरोबर सांगत न्हाय."

"गप बस ना गो. आत त्याने जवळजवळ हो म्हटलं होतं." नवऱ्याचे ओठ हलत नव्हते. "सोमवारी नक्की करू म्हनला. तू आता बोललीस तर मी बोटीवर गेलो समज."

हे मला कळत होतं. पण चिठ्ठी चुकीची होती. आणि चुकीच्या चिठ्ठीपायी चांगल्या कामाबद्दल मला माफी मागायला लावत होते. मी थैलीतून कापलेले तुकडे काढले आणि साहेबाच्या हातावर ठेवले.

मोठा मासा जाळ्यात आला की लोळतो. दोरीला पीळ पडतो, आजूबाजूची घरं लांबट ताणली जातात, गाठी सरकतात. दातेरी मासा तर जाळं गुंडाळूनच घेतो, ते चिंध्या होऊन बाहेर येतं. हे बाकीचं जाळं तर सरळ होतं. आणि तुकडे एका बाजूने घासून मऊ झालेले, कापसासारखे. दगडावर ओढलं गेलेलं जाळं असं होतं. मी हे तोंडाने मराठीत आणि हाताने सगळ्यांना कळेल असं सांगितलं. लोळणारा मासा करून दाखवला. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

साहेबाने तुकडे उजेडात धरून पाहिले. मग राखणदाराकडे वळून काहीतरी विचारलं. राखणदाराने कोटाची बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत, आणि मग उत्तर दिलं. पुढचं बोलणं नवऱ्याने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

"दगड, सर. खाडीच्या तोंडावरचा. जाळं माझ्या काकाचं."

"मग मासा?"

"आधीच्या साहेबांनी काकाला विचारलं, सर. मोठा मासा होता का? काका म्हणाला, हो. साहेब फार खूश झाले."

"आणि ही करवत?"

"ती बाजारातली, सर."

"तू इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, सर."

साहेब माझ्या स्टुलावर बसला. खोलीतल्या बाकीच्या कपाटांवरून त्याची नजर फिरली, एकेका चिठ्ठीवरून. मग दमल्यासारखं विचारलं, "आणखी कुठे कुठे चूक आहे?"

राखणदाराने खिडकीतून सूर्य किती वर आलाय ते पाहिलं. "तुमच्याकडे किती वेळ आहे, सर?"

तेव्हा साहेब हसला. आनंदाने हसला असं मी म्हणणार नाही. पण हसता हसता त्याने खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि नवऱ्यापुढे धरली. लिही, म्हणाला. नवऱ्याने विचारलं, काय लिहू? साहेब म्हणाला, जे आपल्याला खात्रीने माहीत आहे तेवढंच. नवऱ्याने चिठ्ठी भिंतीला टेकवून छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: मासे पकडायचं जाळं. दुरुस्त केलेलं.

साहेबाने ते वाचलं, मग आधीची चिठ्ठी काढून फाडली. दोन्ही खोल्यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासून नव्याने लिहायला लागतील, म्हणाला. वर्षभराचं काम आहे, कदाचित दोन वर्षांचं. उद्या आठ वाजता ये.

बाहेर आल्यावर नवरा चर्चच्या वळणापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालला. मग म्हणाला, "नोकरी लागली."

"ऐकलं मी."

"तू ती घालवलीच होतीस."

"तुम्ही सॉरी म्हटलं त्यानं लागली का? घरी चला, भात लावायचाय."

सोमवारी तो इस्त्रीचा कोट घालून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा बोटांना शाई, केसांत धूळ आणि हातात एक कागद. कागदावर त्याने एका टोपलीचं चित्र काढून आणलं होतं. त्याला चित्र काढता येत नाही. टोपलीसारखं काहीतरी, एका बाजूला झाकण.

"राखणदार म्हनतो मासे पकडायची हाय. साहेब म्हनतो कोंबड्या झाकायची. तुला काय वाटतं?"

"चित्रावरून मला ती टोपी वाटते."

"साहेबानं विचारलंय, उद्या तू येशील का बघायला. सकाळी."

"उद्या चादरी धुवायच्या हायत," मी म्हटलं. "परवा येते. आणि त्यांना सांगा, येताना मुखवट्यांना लावायला तेल आणते, त्याचे पैसे त्यांनी द्यावेत."